शंका-समाधान : थंडीतली शिकार आणि हातमोजे

प्रश्न : नोव्हेंबरअखेर मित्रांबरोबर साउथ डकोटात फेझंटच्या शिकारीला पहिल्यांदाच जाणार आहे. परवाना आणि प्रशिक्षण झालं आहे. स्कीइंगचे जाड, उबदार हातमोजे घरात आहेतच. ते चालतील का?
— एक वाचक, मिनियापोलिस

उत्तर : बंदूक हातात असताना ते मुळीच घालू नका. जाड बोट चापाभोवतीच्या कडीत शिरलं, की चापाला ते केव्हा टेकलं हे कळत नाही. फेझंट अगदी पायाजवळून फडफडाट करत उठतो. तेवढ्यात कुत्रा कुठे आहे, सोबती कुठे आहेत हे पाहायचं, सेफ्टी काढायची, बंदूक खांद्याला लावायची. या गडबडीत बोटाला स्पर्श कळलाच पाहिजे. उबेचा विचार त्यानंतर.

या शिकारीत दिवसभर चालणं असतं, त्यामुळे हात बहुधा गरमच राहतात. खरा त्रास घामाचा. थांबलात की तोच घाम गार पडतो आणि बोटं आखडतात. म्हणून अस्तर नसलेले किंवा अगदी पातळ अस्तराचे चामडी हातमोजे घ्या. हरणाचं कातडं फार मऊ असतं आणि भिजून वाळल्यावरही फारसं कडक होत नाही. तरी माझी पसंती शेळीच्या कातड्याला, कारण ते पातळ असूनही चिवट असतं. थंडी वाढली की फेझंट पाणकणसाच्या दाट बेटांत आसरा घेतात आणि तिथून वाट काढताना हात खरचटतात.

माप घेताना अंगठा सोडून तळहाताचा घेर इंचांत मोजा. हातमोजा आवळ असेल तर रक्त नीट फिरत नाही आणि हात लवकर गारठतात. सुती अस्तर टाळा. ओलं झालं की त्याची ऊब संपते. एक कोरडा जोड आतल्या खिशात ठेवा. तुमचे स्कीचे हातमोजेही न्या, पण ते बंदूक रिकामी करून विसाव्याला बसाल तेव्हासाठी.

आणि निघण्यापूर्वी घरी एवढं कराच : बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि नवे हातमोजे घालून सेफ्टी पुढे-मागे करून पाहा, नकली काडतुसं भरून काढून पाहा. जे अडखळत होतं ते माळावर सुधारणार नाही.

प्रश्न : बदकांच्या शिकारीत पाण्यातली नकली बदकं मांडताना आणि गोळा करताना हात बधिर होतात. उपाय?
— एक वाचक, विनिपेग

उत्तर : पाण्याचं काम आणि नेमबाजी एकाच जोडावर भागवू नका. हवेपेक्षा पाणी शरीरातली उष्णता सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं. पाण्यात हात घालताना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला, मग हात पुसून कोरडे घाला. दबा धरून बसल्यावर दोन्ही हातांना सारखे हातमोजे हवेत असं नाही. बंदुकीची पुढची बाजू धरणाऱ्या हातात जाड लोकरी चालतो. चापाच्या हातात पातळ घालून तो कमरेला बांधायच्या उबदार पिशवीत ठेवा. हात शेकायच्या पुड्या त्याच पिशवीत टाका. त्यांतली लोहपूड हवेतल्या ऑक्सिजनने तापते, त्यामुळे घट्ट, ओल्या हातमोज्यात त्या विझतात. बदकं साफ करताना मात्र नायट्राइलचे हातमोजे आणि नंतर साबण हवाच. बर्ड फ्लू रानबदकांतही असतो.

प्रश्न : अमेरिकेत शिकारीला जाणाऱ्या माझ्या मुलाची बोटं थंडीत पांढरी पडतात. जास्त जाड हातमोजे पाठवू का?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, आधी त्याला डॉक्टरांकडे जायला सांगा. हा रेनोचा विकार असू शकतो आणि त्यावर नुसते हातमोजे पुरत नाहीत. बोटं पांढरी, कडक आणि बधिर झाली तर हिमदंश समजावा. चोळू नये, शेकोटीजवळ धरू नये. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल अशा जागीच 37 ते 39 अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवावीत आणि लगेच रुग्णालय गाठावं. बोटाला चाप जाणवेनासा झाला, तर त्याच क्षणी बंदूक रिकामी करून गाडीत ठेवायची, हे त्याला आजच फोनवर सांगा.