डिझेल ट्रॅक्टरच्या इंधनमार्गात शिरणारी हवा

वाफसा आला असता ट्रॅक्टर सुरू होऊन काही मिनिटांतच बंद पडतो, हवा काढली की चालतो व पुन्हा थांबतो. अशा वेळी केवळ हवा काढीत राहणे व्यर्थ होय. ती कोठून शिरते हे शोधले पाहिजे.

इंजिन चालू असता टाकीपासून फीड पंपापर्यंत इंधन ओढले जाते. त्यामुळे तेथील सैल जोडातून डिझेल न गळताही हवा आत येते. पंपापुढे इंधन दाबाखाली असल्याने गळती ओलाव्यावरून दिसते. म्हणून कोरडा जोड निर्दोष समजू नये.

प्रथम टाकीत पुरेसे डिझेल असून झाकणाचे छिद्र मोकळे आहे, याची खात्री करावी. नंतर गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकी व पंप यांमधील प्रत्येक जोड तपासावा. तडा गेलेली रबरी नळी व चेपलेला तांब्याचा वॉशर बदलावा. त्यानंतर प्रथम गाळणीतील व मग इंजेक्शन पंपातील हवा काढावी.

इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये. ते इंधन कातडी भेदून शरीरात शिरते.