दादा, डिझेल कुठं भरता?

खराडी बायपासलगत डिझेल गाड्यांची कामं करतो. बीएस-६ इंजिनांनी शिकवलेलं इथे मांडतोय, कारण त्यातलं काही मी ग्राहकाच्या पैशाने शिकलो.

१. सिलिंडरच्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नॉक्स होतो. धुराच्या पाइपातल्या एससीआरमध्ये यूरियापासून अमोनिया सुटतो आणि नॉक्सचं परत नायट्रोजन आणि पाणी करतो. हे घडतं जाळीवरच्या तांबं-झिओलाइटच्या थरावर, आणि गंधक नेमकं त्याच थराला धरतं.

२. एक सहाचाकी टेम्पो आला. दिवा पेटलेला, गाडी ओढत नव्हती, कोड नॉक्सचा. यूरिया बदलला. मग सेन्सर बदलला, तो महागातला. चौथ्या दिवशी दिवा परत. पाइप उघडला तर नोझलच्या तोंडाशी पांढरा खडा. वाटलं, चोर सापडला. तो नुसता सुकलेला यूरिया होता. फोर्स रीजन मारलं, म्हणजे धूर मुद्दाम तापवून जाळी साफ केली. आठवडाभर गाडी सुरेख चालली आणि पुन्हा तेच. तेव्हा कुठे विचारलं, "दादा, डिझेल कुठं भरता?" मालक खाली बघत राहिले. स्वस्तातलं 'बायोडिझेल', पिंपातून. टाकीतलं थोडं बाटलीत काढलं. काळपट, आणि वास रॉकेलचा.

३. अशा भेसळीतून जाळीत बसलेलं गंधक डोळ्यांना दिसत नाही. जळून त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो, काहीचा पुढे ट्रायऑक्साइड. तो तांब्याला चिकटतो. अमोनियाशी जुळून त्याचं मीठही छिद्रांत बसतं. ५०० अंशांच्या पुढे तापवलं की बरंचसं सुटतं. म्हणून रीजननंतर चार दिवस बरं वाटून दुखणं परतलं, तर मी आता आधी टाकी उघडतो.

४. बीएस-३च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम होती, बीएस-४मध्ये ५०. १ एप्रिल २०२०पासून देशभर १०. एवढी काटकसर या जाळीसाठीही आहे, हे ड्रायव्हरला कोणी सांगतच नाही. मी सांगतो.

५. जुलै २०२३पासून लागू झालेल्या सीपीसीबी-४ प्लस प्रदूषण-नियमांनंतर इथल्या आयटी पार्कांच्या नव्या जनरेटरवरही एससीआर दिसतं. चाचणीसाठी जनरेटर आठवड्याला दहा मिनिटं रिकामा चालवला तर धूर तापत नाही, आणि थंड धुरातच ते मीठ जमतं. चाचणी लोडवर घ्या.

६. टेम्पोची टाकी धुतली, फिल्टर बदलले, पंपावरचं डिझेल भरून दोनदा रीजन केलं. जाळी वाचली. जुना सेन्सर चांगलाच होता. नव्याचे पैसे मी मालकांना परत दिले.