जठरव्रणाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची वर्षे

रुग्ण, नातेवाईक व देणगीदार यांना उपयुक्त ठरावी म्हणून जठरव्रण, अर्थात अल्सर, या विकाराची माहिती या अहवालात देत आहोत.

जठराच्या किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या अस्तरास आम्लामुळे पडणारी जखम म्हणजे हा व्रण होय. १९४३ साली शिकागोचे डॉ. लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी आम्लस्रावास चालना देणारा व्हेगस मज्जातंतू छेदण्यास प्रारंभ केला. पुढे कित्येक वर्षे हा मज्जातंतू छेदून जठर लहान आतड्यास जोडणे, अथवा जठराचा काही भाग काढणे, हाच जुनाट व्रणावरील खात्रीचा उपाय मानला गेला.

१९८२ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. बॅरी मार्शल व डॉ. रॉबिन वॉरेन यांनी या व्रणामागील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला. त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक लाभले. आता बहुतेक व्रण गोळ्यांनीच बरे होतात. जठरास छिद्र पडणे, रक्तस्राव न थांबणे किंवा अन्नमार्ग अडणे अशा प्रसंगीच शस्त्रक्रिया करावी लागते. छिद्र बुजविले तरी जंतू उरल्यास व्रण पुन्हा होऊ शकतो. म्हणून टाके निघाल्यावरही औषधोपचार पूर्ण करणे अगत्याचे आहे.

पूर्वी शस्त्रक्रिया झालेले वडीलधारे भोकरदन परिसरातील घरांतही असतील. त्यांचा व्रण बरा झाला, तरी बदललेली पचनरचना कायम राहते. लोह व बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषले गेल्याने रक्तक्षय होतो. हाडेही ठिसूळ होतात. बी-१२ चा साठा यकृतात असल्याने त्याची उणीव काही वर्षांनी जाणवते आणि थकवा किंवा पायांतील मुंग्या वार्धक्याच्या खाती जमा होतात. जठराचा भाग काढलेल्यांत पंधरा-वीस वर्षांनंतर उर्वरित भागात कर्करोगाचा धोकाही वाढतो.

नातेवाइकांना आमची नम्र विनंती:

१) जुन्या शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी व कागदपत्रे जपावीत.
२) वर्षातून एकदा रक्ततपासणी करावी.
३) जेवणानंतर घाम किंवा चक्कर येत असल्यास थोडे-थोडे खावे, गोड कमी करावे, पाणी जेवणासोबत न पिता नंतर प्यावे.
४) कंबर-गुडघेदुखीच्या गोळ्या सल्ल्याविना घेऊ नयेत, त्यांनीही व्रण होतो.
५) काळी शौच, रक्ताची उलटी वा अकस्मात तीव्र पोटदुखी झाल्यास तत्काळ रुग्णालयात यावे.

शस्त्रक्रियेस लागणारी मदत सर्वांना दिसते. त्यानंतरच्या तपासण्यांचा खर्च लहान असूनही नजरेआड राहतो. दात्यांनी त्याकडेही लक्ष द्यावे, ही प्रार्थना.