स्क्रिप्टची नोटबुक करताना

पायथनची एक स्क्रिप्ट समोर आहे असं धरू. ती पावसाच्या नोंदींची सीएसव्ही फाइल वाचते, महिनावार सरासरी काढते आणि आलेख दाखवते. ती बिनचूक चालते, पण मधे काय घडलं ते वाचणाऱ्याला दिसत नाही. तिची ज्युपिटर नोटबुक केली की कोड, त्याचं उत्तर आणि आपलं स्पष्टीकरण एकाखाली एक येतं. हे कॉपी-पेस्ट करत बसू नका, त्यासाठी जुपीटेक्स्ट हे मोफत साधन आहे. पिप वापरून ज्युपिटरलॅब, जुपीटेक्स्ट आणि पुढे स्लायडरसाठी लागणारं आयपीविजेट्स ही तिन्ही इन्स्टॉल करा आणि मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा.

खरं काम रूपांतराच्या आधीचं आहे. बऱ्याच स्क्रिप्टमध्ये सगळा कोड ‘मेन’ नावाच्या एका फंक्शनमध्ये कोंबलेला असतो. तो तसाच ठेवलात तर नोटबुकमध्ये एकच भलामोठा सेल, म्हणजे एकत्र चालणारा कोडचा तुकडा, मिळेल आणि आतले व्हेरिएबल बाहेरून तपासताच येणार नाहीत. म्हणून त्यातल्या ओळी बाहेर काढा, इंडेंट काढून डावीकडे आणा. कमांड लाइनवरून माहिती घेणारा आर्गपार्सचा भागही नोटबुकमध्ये अडतो. त्याऐवजी फाइलचं नाव, वर्ष वगैरे साधे व्हेरिएबल म्हणून सुरुवातीलाच लिहा.

आता तुकडे पाडा. जिथे नवा सेल हवा तिथे स्वतंत्र ओळीवर # %% अशी खूण टाका. मजकुराच्या सेलसाठी याच खुणेपुढे चौकटी कंसात इंग्रजीत मार्कडाउन लिहा आणि खालच्या प्रत्येक ओळीआधी # ठेवा. खुणा नसल्या तरी रूपांतर होतं, पण मग कोऱ्या ओळी बघून सेल पडतात आणि विचाराची सलगता तुटते. माझ्या मते एका सेलमध्ये एकच प्रश्न असावा: फाइल नीट वाचली गेली का, किती नोंदी रिकाम्या आहेत, सरासरी किती. सेलच्या शेवटच्या ओळीत टेबलाच्या व्हेरिएबलचं नुसतं नाव लिहा, प्रिंटपेक्षा टेबल सुबक दिसतं.

फाइल सेव्ह करून टर्मिनलवर जुपीटेक्स्टची ‘टू नोटबुक’ आज्ञा द्या, पुढे स्क्रिप्टचं नाव. तयार नोटबुक ज्युपिटरलॅबमध्ये उघडा. आलेख काढणाऱ्या कोडचं फंक्शन करा, त्याला महिना हा पॅरामीटर द्या आणि आयपीविजेट्सच्या ‘इंटरॅक्ट’ला 1 ते 12 ही मर्यादा द्या. स्लायडर सरकवला की आलेख बदलेल.

नोटबुकची फाइल आतून जेसन असते, उत्तरं आणि चित्रंही तिच्यातच साठतात. त्यामुळे गिटमध्ये दोन आवृत्त्यांतला फरक वाचता येत नाही. जुपीटेक्स्टच्या ‘सेट फॉरमॅट्स’ आज्ञेने नोटबुक आणि पायथन फाइल यांची जोडी लावा. मग ज्युपिटरलॅबमध्ये सेव्ह केलं की दोन्ही बदलतात. गिटमध्ये पायथन फाइल ठेवा.

सेल वरखाली कसेही चालवता येतात. शिवाय पुसून टाकलेल्या ओळीतला व्हेरिएबल मेमरीत राहतो आणि नोटबुक चालते असा भास होतो. शेवटी मेनूतून कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारी प्रक्रिया, रिस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली एका दमात चालवा. कुठेही न अडता शेवटचा आलेख आला, तरच ती नोटबुक दुसऱ्याला पाठवा.