फ्लूची लस : रुग्णास काय सांगावे?

पावसाळा तोंडावर आला की ‘वैद्यराज, फ्लूची लस घेऊ का?’ हा प्रश्न चिकित्सालयात हमखास येतो. ‘तशी माझी प्रकृती उत्तम आहे, च्यवनप्राशही चालू आहे’ अशी पुस्ती बहुधा जोडलेली असते. अशा वेळी चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय स्मरावा. वायू, उदक, देश व काल बिघडले असता भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, हे तेथे स्पष्ट केले आहे. २००९ मध्ये पुण्याने ते अनुभवले. रसायनसेवन अवश्य चालू ठेवावे. परंतु ते लसीस पर्याय नव्हे.

वृद्ध, मधुमेही, तमकश्वासाचे रुग्ण आणि विशेषतः गर्भिणी यांना लसीपासून परावृत्त करू नये. गर्भिणीस मात्र निष्क्रिय विषाणूंची, टोचण्याचीच लस योग्य. नाकात फवारण्याची जिवंत लस नव्हे. निष्क्रिय लसीने फ्लू होत नाही. एक-दोन दिवस अंगदुखी वा कणकण राहू शकते. पूर्वी याच लसीने तीव्र ॲलर्जी झालेल्यास आधी तज्ज्ञांकडे पाठवावे. अंगात जास्त ज्वर असल्यास तो उतरेपर्यंत थांबावे.

संरक्षण निर्माण होण्यास सुमारे २ आठवडे लागतात व महाराष्ट्रात साथ पावसाळ्यात बळावते; म्हणून ती सुरू होण्यापूर्वीच लस घ्यावी. विषाणू रूप पालटतो, त्यामुळे गतवर्षीच्या लसीवर विसंबू नये.

औषधविक्रेत्यांनी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान कटाक्षाने सांभाळावे. भारनियमन आपल्याला नवे नाही! एकदा गोठलेली कुपी वितळल्यावर पूर्ववत दिसली तरी ती विकू नये.