अंदमानचा बेत

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एक बातमी येते : नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमानात पोहोचले. ती ऐकताच खानदेशातील शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो, आणि कपाशीच्या पेरणीची तयारी सुरू होते. रावेरजवळच्या एका खेड्यात केळीची बाग करणाऱ्या कुटुंबातही ही बातमी दरवर्षी ऐकली जाई. एका वर्षी मात्र धाकट्या मुलाने विचारले, “बाबा, पाऊस जिथे आधी येतो, ते अंदमान आपण पाहावयाचे का?”

त्या वर्षी केळीला भाव बरा मिळाला होता. बाबांनी काही रक्कम बाजूला काढली आणि म्हटले, “जाऊ, पण आधी घरी बसून बेत करू. या रकमेत बसेल तेवढेच करावयाचे.”

नकाशा ताईकडे आला. अंदमान आणि निकोबार हा बंगालच्या उपसागरातील पाचशेहून अधिक लहानमोठ्या बेटांचा समूह. त्यांपैकी थोड्याच बेटांवर मनुष्यवस्ती आहे. राजधानीचे शहर पोर्ट ब्लेअर. २०२४ साली त्याचे नाव श्री विजयपुरम् झाले. ते कोलकात्यापासून सुमारे साडेबाराशे किलोमीटर दूर आहे. भुसावळहून हावड्यापर्यंत आगगाडी, आणि पुढे विमान किंवा जहाज. विमान दोन-अडीच तासांत पोहोचते, जहाजाला तीन-चार दिवस लागतात. सुटीचे दिवस मोजके, म्हणून विमान ठरले.

“दिवाळीत जाऊ या,” आई म्हणाली. पण दिवाळीच्या सुमारास कपाशीची वेचणी असते, आणि अंदमानात तेव्हा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो. मेच्या अखेरीस तर नैर्ऋत्येचा पाऊस सुरू झालेला असतो, समुद्र खवळतो. म्हणून परीक्षा संपताच निघावे आणि पेरणीपूर्वी परतावे, असे ठरले.

ताईने आणखी एक गणित मांडले. जळगाव सुमारे साडेपंचाहत्तर पूर्व रेखांशावर, तर श्री विजयपुरम् ब्याण्णव अंशांच्याही पलीकडे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सतरा अंशांना एक तास आठ मिनिटे. घड्याळ मात्र देशभर एकच. “मे महिन्यात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो,” ती म्हणाली. “तेव्हा पाहटेच उठून फिरले पाहिजे.”

धाकट्याने शंख-प्रवाळ आणण्यासाठी एक पिशवी काढून ठेवली होती. बाबांनी ती परत खुंटीला अडकवली. “प्रवाळ म्हणजे लहान लहान सागरी जीवांनी बांधलेली घरे. ती उचलून आणण्यास तिथे बंदी आहे. आणि तिथल्या अरण्यात जारवा लोक राहतात. त्यांची छायाचित्रे काढण्यासही मनाई आहे. आपण पाहुणे, पाहुण्यासारखेच वागावे.”

मग खर्चाचा हिशेब झाला. स्वराज द्वीपाची सफर आणि तिथला दोन रात्रींचा मुक्काम धरून पाच जणांचा खर्च ठरलेल्या रकमेच्या बराच वर गेला. सगळे गप्प झाले. तेव्हा आजी हळूच म्हणाली, “मी घरीच राहते. गुरांकडे पाहावयास कोणीतरी हवेच की!”

कोणी काही बोलले नाही. रात्री ताई आजीच्या अंथरुणावर येऊन बसली. “आजी, तू आली असतीस, तर तिथे काय पाहिले असतेस?”

“तुरुंग,” आजी म्हणाली. “माझे माहेर धुळ्याचे. लहानपणी माझे वडील तिथल्या तुरुंगाची भिंत दाखवीत आणि सांगत, ‘१९३२ साली विनोबांनी इथे बंदिवानांना गीता समजावून सांगितली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली.’ अंदमानचे नाव निघाले, की ते म्हणत, ‘इथले कैदी निदान आपल्या मुलखात होते. तिकडच्यांना चारी बाजूंनी समुद्र!’ ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, असे फार वाटे.”

दुसऱ्या दिवशी ताईने वाचून दाखविले : सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. त्याच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. प्रत्येक कैद्याला एकेकटे कोंडण्यासाठी स्वतंत्र कोठडी. म्हणून हे नाव. विनायक दामोदर सावरकर १९११ पासून दहा वर्षे अंदमानात बंदिवासात होते. १९७९ साली ही वास्तू राष्ट्रीय स्मारक झाली.

वाचन संपले. धाकटा बराच वेळ हिशेबाच्या कागदाकडे पाहत राहिला. स्वराज द्वीपाच्या पांढऱ्या वाळूचे चित्र त्याने कित्येक दिवस उशाशी ठेवले होते. त्याने पेन्सिल घेतली, स्वराज द्वीपाच्या ओळीवर रेघ मारली आणि विचारले, “आता आजीचे तिकीट बसते का?”

बाबांनी पुन्हा बेरीज केली. खर्च रकमेत बसला. “समुद्र तर शहराच्या काठीही आहे,” आई म्हणाली. गुरांची जबाबदारी शेजारच्या काकांनी घेतली. आजीने दशम्या किती कराव्यात, याचा हिशेब सुरू केला.

जुन्या कागदावर खाडाखोड झाली होती, म्हणून धाकट्याने नवा कागद घेतला. ‘पाहावयाची स्थळे’ असे वर लिहून त्याने पहिली ओळ लिहिली : ‘१. सेल्युलर जेल. आजीबरोबर.’

स्वाध्याय
१. या कुटुंबाने दिवाळीची सुटी का टाळली?
२. आजीला अंदमानातील तुरुंग पाहावासा का वाटत होता?
३. धाकट्याने कोणत्या गोष्टीचा त्याग केला? त्याच्या जागी तुम्ही काय केले असते?
४. नकाशावर भुसावळ ते श्री विजयपुरम् हा मार्ग दाखवा.