झोळी : शब्दार्थ, व्यवहारार्थ आणि आचारार्थ

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी ब्रह्मविद्येचे निरूपण केले ते लोकांच्या मराठी बोलीत. पुढे केशिराजबासांसारख्या व्युत्पन्न पंडिताच्या मनात संस्कृतात लिहावे असे आले, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. तसे केल्यास मार्गातील साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण स्मृतिस्थळात नमूद आहे. या निर्णयाचा परिणाम असा की, महानुभाव शास्त्राचा अर्थ घरातील, अंगणातील आणि शेतातील शब्दांत साठविलेला आहे. द्वारावतीकार श्रीचक्रपाणी महाराजांची लीला वाचताना सूप आणि खराटा या वस्तू पुढे येतात. दृष्टान्तपाठातील दृष्टान्तही बहुधा नित्याच्या व्यवहारातून घेतलेले आहेत. म्हणून घरगुती शब्दाचा विचार हा केवळ भाषेचा विचार ठरत नाही. तो शास्त्राध्ययनाचाच भाग होतो. या दृष्टीने ‘झोळी’ या शब्दाचा येथे विचार केला आहे.

शब्दार्थ

‘झोळी’ म्हणजे कापडाची टोके बांधून तयार केलेली पोकळी. कापड तेच असते. अंथरले की ते अंथरूण, पांघरले की पांघरूण, आणि टोके एकत्र आणली की झोळी. हिंदीत ‘झोली’, गुजरातीत ‘झोळी’ अशी या शब्दाची भावंडे आहेत. मराठीत ‘झोळणा’ म्हणजे मोठी पिशवी, आणि ‘झोळ’ म्हणजे कापडाला किंवा दोरीला मध्ये आलेला सैलपणा. छताच्या कापडात पाणी साठून ते खाली लोंबले की त्याला झोळ आला असे म्हणतात. अलीकडे बोलीत व्यवहारातील लबाडीलाही ‘झोल’ म्हणू लागले आहेत. जे ताठ असावे ते सैल पडले, हा भाव त्यातही ओळखू येतो.

एक लक्षण मात्र सर्वत्र समान आहे. झोळीला स्वतःचा आकार नसतो. तिच्यात जे पडेल त्याचा आकार ती घेते, आणि रिकामी झाली की पुन्हा नुसते कापड उरते. पेटीला झाकण असते, कोठीला कुलूप असते, डब्याला कप्पे असतात. झोळीला यातले काहीही नसते. हे लक्षण पुढील विवेचनात ध्यानात ठेवावे.

व्यवहारातील उपयोग

पहिला उपयोग तान्ह्या बाळाचा. धोतर किंवा जुने लुगडे आढ्याला दोरीने बांधून बाळाची झोळी करतात. ती मिटू नये म्हणून मध्ये आडवी काठी घालतात. कामकरी स्त्री शेताच्या बांधावर झाडाच्या फांदीला झोळी बांधते आणि खुरपणी करताना नजर तिकडे ठेवते. पाळणा हौसेचा असतो, झोळी गरजेची असते. पण बाळाला दोहोंत झोप सारखीच लागते.

दुसरा उपयोग आजाऱ्याचा. डोंगराळ भागात जेथे गाडी पोहोचत नाही, तेथे बांबूला चादर बांधून तिच्या झोळीतून रुग्णाला किंवा गरोदर स्त्रीला सडकेपर्यंत आणतात. मेळघाट, नंदुरबार, पालघर या भागांतून अशी वृत्ते आजही येतात. चालू न शकणारा देह चौघांच्या खांद्यावर निर्धास्तपणे सोपविला जातो, तो झोळीतच.

तिसरा उपयोग वाक्प्रचारांतला. ‘झोळी पसरणे’ म्हणजे याचना करणे, ‘झोळी घेणे’ म्हणजे वैराग्य पत्करणे, आणि ‘काखेला झोळी लागणे’ म्हणजे सर्वस्व गमावून दरिद्री होणे. यातील शेवटचे दोन प्रयोग विशेष विचारणीय आहेत. झोळी एकच, परंतु एकाने ती घेतली आणि दुसऱ्याला ती लागली. घेणे आणि लागणे या दोन क्रियापदांत त्याग आणि दुर्दैव यांचे अंतर मराठी भाषेने सांगून ठेवले आहे.

पदर, ओटी आणि झोळी

कापडाच्या पोकळीसाठी मराठीत आणखी दोन शब्द आहेत. स्त्री पदर पसरते ती दया मागण्यासाठी. ओटी भरली जाते ती मंगल इच्छेने, खण-नारळ-तांदळाने. पदर आणि ओटी हे दोन्ही नेसलेल्या वस्त्राचेच भाग होत. त्यांत पडलेले नात्यात पडते. लेकीची ओटी आई भरते, सुनेची सासू भरते. झोळी मात्र वेगळी असते. तिच्यात घालणारा आणि ती धरणारा यांचे नाते असावे लागत नाही. किंबहुना ते नसावे हीच साधकाच्या झोळीची अट आहे.

आचारातील अर्थ

श्रीचक्रधर स्वामींनी अनुसरलेल्या साधकाला अटन, विजन, भिक्षा आणि भोजन हे विधी लावून दिले, आणि या सर्वांच्या मुळाशी स्मरण ठेवले. भिक्षा चारही वर्णांच्या घरी करावी, अशी स्वामींची आज्ञा आहे. तेराव्या शतकातील समाजस्थिती ध्यानात घेता या आज्ञेचे मोल कळते. ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभू बाबांनी तर समाजाने दूर लोटलेल्यांच्या घरीही लीला केल्या. ज्या काळी कोणाच्या हातचे खावे यावर मनुष्याची प्रतिष्ठा ठरत होती, त्या काळी झोळीने तो प्रश्नच पुसून टाकला.

ते कसे, हे पाहावे. एका घरची ज्वारीची भाकरी, दुसऱ्या घरची बाजरीची, तिसऱ्या घरची शिळी पोळी, चौथ्या घरचा मूठभर भात. हे सर्व एका कापडात पडले की कोणता घास कोणाचा हे सांगता येत नाही. थोराघरचा घास वर आणि हीनदीनाचा खाली अशी मांडणी झोळीत होऊ शकत नाही, कारण तिला कप्पे नाहीत. झोळी खांद्यावर असेपर्यंत जातीचा विचार तिच्यात टिकत नाही. साधकाने आपल्या मनातही तो टिकू देऊ नये, हा या आचाराचा हेतू आहे.

रुचीचेही तसेच. मिसळलेल्या अन्नात निवड उरत नाही. जिभेचा विकार ज्या दारातून आत येतो, ते दार झोळी बंद करते. आणि झोळीत उद्यासाठी साठवण टिकत नाही. अन्न खाऊन झाले की कापड धुवावे, वाळत घालावे; संग्रहाचा प्रश्नच उरत नाही.

दृष्टान्त आणि त्याची मर्यादा

बाळाची झोळी आणि भिक्षुकाची झोळी यांना एकच शब्द लागतो, यात अर्थ आहे. बाळाला उद्याची काळजी नसते. झोका कोण देतो हे ते मोजत नाही. साधकानेही परमेश्वरावर तसाच भार टाकावा. परंतु येथे दृष्टान्ताची मर्यादा ओळखली पाहिजे. बाळाचे निराधारपण अज्ञानाचे आहे, साधकाचे ज्ञानाचे आहे. बाळाला आधार ठाऊक नाही म्हणून ते निश्चिंत. साधकाने इतर आधार जाणूनबुजून सोडले म्हणून तो निश्चिंत. दार्ष्टान्तिकात हा भेद न पाळला, तर आळसालाच वैराग्य समजण्याची चूक घडते.

शंका आणि समाधान

येथे एक शंका घेतली जाते. गरीब कष्टकऱ्याच्या घासात भिक्षुकाने वाटा का मागावा? हा त्याच्यावर भार नव्हे काय? याचे समाधान असे की, भिक्षेचे स्वरूपच भार न होण्याचे आहे. एका घरी पोटभर मागणे ही भिक्षा नव्हे. अनेक घरी थोडे, मिळेल ते, नाही म्हटल्यास पुढे. घर निवडू नये, पदार्थ मागू नये, रोज त्याच दारी जाऊ नये. लाचार मनुष्य मिळेपर्यंत उभा राहतो. भिक्षुक न मिळाले तरी तितक्याच शांतपणे निघतो. ज्याला नकार बोचतो त्याची झोळी खांद्यावर आली, पण मनात आली नाही.

दुसरी शंका याहून कठीण आहे. आज अनेक आश्रमांत पंगत असते, वासनिक मंडळी आदराने अन्न आणून देतात. मग झोळीचे प्रयोजन काय? वृद्ध, रुग्ण आणि अध्ययनात गुंतलेले साधक यांच्यासाठी ही सोय आवश्यक आहे, तिला दोष देता येणार नाही. परंतु झोळी ज्या तीन गोष्टी शिकवीत होती, त्यांची जागा पंगत आपोआप घेत नाही. त्या तीन गोष्टी म्हणजे अपरिचिताच्या दारी जाऊन अहंता झिजविणे, अन्नात निवड न करणे आणि दात्याशी संबंध न जोडणे. पंगतीत ओळखीचा दाता असतो, पदार्थांची वाखाणणी असते, आणि कोणाला कोठे बसविले याचे मानापमानही शिरतात. आदराने वाढलेले अन्न पचविणे हे अनादराने मिळालेले पचविण्यापेक्षा कठीण आहे. म्हणून पंगतीत बसणाऱ्याने हे तीन नेम अधिक दक्षतेने पाळावे, आणि ज्याच्या अंगात बळ आहे त्याने काही काळ तरी प्रत्यक्ष भिक्षेचा आचार करावा. कापड ताणलेले नसले की झोळ येतो. आचाराचेही तसेच आहे. तो एकदम तुटत नाही, आधी सैल पडतो.

वासनिकांनीही आपला वाटा ओळखावा. घरासाठी जे शिजले त्यातूनच भिक्षा घालावी. भिक्षुकासाठी वेगळे पक्वान्न रांधले की त्याची झोळी जड होते आणि त्याचे वैराग्य हलके होते. आपण घातलेल्या घासाची आठवण ठेवू नये, देण्यात बरोबरी करू नये. दारी आलेल्याचे कुळ आणि आश्रम विचारत बसू नये. घासाला जशी झोळीत ओळख उरत नाही, तशी ती दात्याच्या मनातही उरू नये.

उपसंहार

झोळी बाळाला निजवते, रुग्णाला वाहते आणि साधकाला जगवते. तिन्ही ठिकाणी तिच्यात असलेला जीव स्वतःच्या बळावर नसतो. बाळ मोठे होते आणि रुग्ण बरा होतो, तेव्हा ते झोळीतून उतरतात. साधकाला मात्र आपण परमेश्वराच्या आधारावर आहोत हे जन्मभर विसरायचे नसते. म्हणून त्याच्या खांद्यावरून झोळी उतरत नाही. ती कापडाची असो वा आचाराची, तिच्यात झोळ येऊ न देणे हे त्याचे नित्याचे काम आहे.